वाकवलेली अँटेना

रायनाची जीभ जड व्हायला लागली तेव्हा आधी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दाढ दुखतेय असं सांगून तिनेच विषय उडवून लावला. पुढे पाय अडखळायला लागले, घोटभर चहा घशात अडकायला लागला, आणि तिचा नवरा मानोल तिला प्लोवदिवच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. नसांचा आजार होता. त्यावर औषध नव्हतं. आधी वाचा जाईल, मग हातपाय, मग श्वास, एवढं डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात पण स्पष्ट सांगितलं होतं.

मानोल गुरांचा डॉक्टर. बल्गेरियातल्या रोदोपीच्या डोंगरांत, पार ग्रीसच्या हद्दीपर्यंत, उन्हाळाभर कुरणांवर मेंढ्या आणि गाई असतात. त्या सगळ्यांना मिळून हा एकटाच. आपल्या जुन्या निवा जीपमधून तो वर्षानुवर्षं वर जायचा, पण त्या वसंतात त्याचा पाय घरातून निघेना. वर फोन लागत नाही, मागे काही झालं तर मला कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. रायनाची धाकटी बहीण त्सोन्का मुक्कामालाच येऊन राहिली होती, तरी हा खोलीतच घुटमळायचा. उशी सरकव, खिडकी लाव, परत उघड. त्यातच वरच्या कुरणावर सेवदालिन मेंढपाळाची गाय अडली आणि वासरासकट गेली. ते कळलं तेव्हा रायनाने त्याला समोर बसवलं. तिचं बोलणं आता फक्त त्याला आणि त्सोन्काला समजायचं.

"तू दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतोस," ती म्हणाली. "मला आताच मेल्यासारखं वाटतं. गाडीवर अँटेना चढव आणि वर जा. मी रोज संध्याकाळी बोलेन."

रेडिओ हे रायनाचं राज्य होतं. शाळकरी वयात ती गावच्या रेडिओ क्लबात जायची, आणि मोर्सच्या, म्हणजे ठिपके-रेघांच्या, कडकट्टमध्ये तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत तिचा संच होता. त्यावरून ती जगभरच्या लोकांशी गप्पा मारायची. मानोलनेही तेव्हा परीक्षा देऊन परवाना काढला होता, पण तो केवळ क्लबात तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून. लग्न ठरलं, काम झालं. त्यानंतर त्याने मोर्सच्या कळीला बोट लावलं नव्हतं.

बायकोचा शब्द मोडवेना म्हणून तो शहरात गेला आणि टपावर लोहचुंबकाने चिकटणारी एक सुबक, आखूड काडी घेऊन आला. भोक पाडायला नको, गंजायची भीती नाही. रायनाने ती हातात फिरवून पाहिली.

"दात कोरायला चांगली आहे," ती म्हणाली.

मग धापा टाकत, थांबत थांबत तिने त्याला समजावलं. या काडीच्या लहरी सरळ रेषेत पळतात आणि समोरच्या डोंगरावर डोकं आपटून बसतात. इथे लघुलहरी हव्यात, म्हणजे काठी लांब हवी, माणसाच्या दीडपट तरी. टपावर ती नको, बीच झाडांच्या खालच्या फांद्या पहिल्याच दिवशी ओरबाडून काढतील. पुढच्या बाजूला लावली तर चालवताना सारखी डोळ्यांसमोर नाचेल. तेव्हा मागे, डाव्या कोपऱ्यात, थेट सांगाड्याला पोलादी पट्टी ठोकून. आणि गाडी थांबली की काठी टपावरून पुढे वाकवायची आणि दोरीने पुढच्या बंपरला बांधायची.

"वाकवायची कशाला?" मानोलने विचारलं.

"उभी ठेवलीस तर माझ्याआधी इटलीतल्या बायकांना ऐकू जाशील. वाकवलीस की आवाज सरळ आभाळात चढतो आणि तिथून आपल्याच खोऱ्यांमध्ये पडतो."

दुसऱ्या दिवशी द्राक्षाच्या मांडवाखाली खुर्ची टाकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन ती देखरेखीला बसली. मानोल गाडीखाली पाठीवर पडून भोकं पाडत होता. पट्टी बसली, काठी उभी राहिली, गाडीत बसवलेल्या संचातून तार आली, पण मापकाचा काटा काही खाली येईना. पाठवलेली निम्मी शक्ती उलटी संचातच येत होती. रायनाने बोट वर केलं आणि पट्टीकडे दाखवलं. पट्टीखालचा रंग मानोलने खरवडलाच नव्हता. त्याने बोल्ट सोडले, उघडं लोखंड चमकेपर्यंत कानस मारली, परत आवळले. मग तांब्याच्या विणीव पट्ट्यांनी बॉनेट, दारं, धुराची नळी असं सगळं सांगाड्याला जोडलं, म्हणजे सबंध गाडीच अँटेनाचं दुसरं अंग झाली.

त्सोन्का ताक घेऊन आली आणि बघत उभी राहिली. "भाऊजी, साखळदंड घातलेत की हो गाडीला. पळून जाते की काय?"

रायना हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. तो थांबेना. मानोल गाडीखालून धडपडत बाहेर आला, कपाळाला खोक पडली त्याचंही त्याला भान नव्हतं. ती निळी पडत गेली, मग हळूहळू तिचा श्वास परत आला. तिने डोळे पुसले आणि हाताने त्याला परत गाडीकडे हाकललं. काटा खाली आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

तो वर गेला. पहिल्या संध्याकाळी सेवदालिनच्या गोठ्याशेजारच्या उतारावर त्याने गाडी थांबवली, काठी वाकवून बांधली, आणि तिने बजावल्याप्रमाणे इंजीन बंद केलं, नाहीतर त्याच्या ठिणग्यांची खरखर संचात घुसायची. तिचा आवाज आला. पण खोलीत जे बोलणं तिच्या ओठांकडे बघून त्याला समजायचं, ते सूं सूं आवाजात पार विरघळून गेलं. त्याने परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा विचारायचा त्याला धीर होईना. मग एकाएकी मोर्स सुरू झाला.

स्वच्छ, हलका, थेंब पडावेत तसा. तिच्या बोटांपर्यंत अजून आजार पोचला नव्हता. क्लबातल्या त्या मुलीचाच हात होता तो, कुठे अडखळणं नाही, धाप नाही. मानोल पेन्सिलीने अक्षरं टिपत होता, निम्मी सुटत होती. कितीतरी महिन्यांनी ती सलग बोलत होती, आणि त्यालाच तिची भाषा येत नव्हती. त्याने कशीबशी कळ दाबून उत्तर पाठवलं. उत्तर आलं: "तुझा हात बैलाच्या पायासारखा पडतो. सराव कर."

त्याने सराव केला. उन्हाळाभर, जिथे असेल तिथे, सात वाजता त्याची काठी वाकलेली असायची. ती घरातलं सगळं सांगायची. त्सोन्काने बटाट्याचा पतातनिक करपवला. शेजारणीचा नवरा परत पिऊन पडला. आज चहा न ठसकता घशाखाली गेला. तो तिला मेंढ्यांचे खूर आणि सेवदालिनच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे पराक्रम सांगायचा. सेवदालिन दूध ठेवून अंतरावर बसायचा. एकदा न राहवून त्याने विचारलं, "डॉक्टर, काय म्हणतात बाई?"

"मी दाढी करत नाही असं म्हणते."

"तिकडून दिसतं त्यांना?"

"तिला सगळं दिसतं," मानोल म्हणाला.

रविवारी तो घरी यायचा तेव्हा ती अधिकाधिक खुर्चीत रुतलेली दिसायची. तिची वाचा पूर्ण गेली होती. पण सोमवारी डोंगरावरून ऐकताना तो ते विसरायचा. खरं सांगायचं तर घरापेक्षा तिथे ती त्याला जास्त भेटायची, आणि याची त्याला लाजही वाटायची.

सप्टेंबरात एका संध्याकाळी तिने रेडिओवरचं आपलंच खूणनाव चुकीचं पाठवलं. थांबली, परत पाठवलं, परत चुकलं. तीन ठिपक्यांच्या जागी चार पडत होते. मानोलने पटकन कळवलं, ऐकू नीट येत नाही, आज हवा खराब आहे.

मग एकेक अक्षर ओढत आणावं तसं उत्तर आलं.

"हवा छान आहे. हात गेला. खोटं बोलू नकोस."

त्याने पाठवलं, "खाली येतो."

"गाय व्याली का?"

गोठ्यात एक पहिलटकरीण गाय व्यायला टेकली होती. त्याने कळवलं, नाही.

"मग आधी ती. मग ये."

गाय सकाळी व्याली. कालवडीला उभं करून तो खाली उतरला आणि नंतर वर गेला नाही. रायना त्याच्या तळहातावर अजून हलणाऱ्या एका बोटाने ठिपके-रेघा काढायची. मग बोट उचलेनासं झालं, तेव्हा पापण्यांनी. डिसेंबरात एका दुपारी, बाहेर बर्फ पडत असताना, ती गेली. मानोल आणि त्सोन्का दोघंही जवळ होते. गावच्या बायकांनी मयताचा उकडलेला गहू केला, पाद्र्याने प्रार्थना म्हटल्या, लोक आले आणि गेले. मानोल सगळ्यांशी नीट वागला. रडला मात्र नाही. त्सोन्काला त्याची काळजी वाटायची.

जूनमध्ये मेंढ्या वर चढल्या आणि तोही चढला. काठी त्याने काढलीही नव्हती, वापरलीही नव्हती. एका संध्याकाळी उतारावर थांबला असताना, स्वतःशी काही न ठरवता, त्याने ती वाकवून बांधली आणि संच लावला. नुसती सूं सूं. तो ऐकत बसला. बंद करणार इतक्यात कुणीतरी त्याच्या खूणनावाने हाक मारली.

हात अनोळखी होता, जुना, सावकाश. हद्दीपलीकडच्या क्सांथीचा एक ग्रीक होता, स्टेर्गियोस नावाचा, पूर्वी जहाजांवर बिनतारी सांभाळायचा. त्याने मोडक्या बल्गेरियनमध्ये पाठवलं की गेल्या उन्हाळ्यात मी तुम्हाला रोज ऐकायचो. शब्द सगळे समजायचे नाहीत. पण त्या बाईंचा हात फार सुंदर होता. मधे पडू नये म्हणून कधी हाक मारली नाही. यंदा कुणी ऐकू आलं नाही, म्हणून आज मारली. बाई कशा आहेत?

मानोलचं बोट कळीवर होतं. आतापर्यंत ही गोष्ट त्याने कुणाला स्वतःहून सांगितली नव्हती. डोंगरात प्रत्येकाला ती आधीच ठाऊक होती, त्याला नुसती मान हलवावी लागली होती. त्याने हळूहळू पाठवलं.

"डिसेंबरात वारली."

मग उत्तर आलं, पहिल्यापेक्षा कितीतरी सावकाश, त्याला एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"शेवटी शेवटी त्यांना जड जात होतं. मला कळत होतं. मी रोज सात वाजता देवाचं नाव घ्यायचो, निदान तेवढी वेळ निभावू दे म्हणून."

मानोलने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तो रडला. गाडीच्या पत्र्याबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडला. सेवदालिन गोठ्याच्या दारात आला होता, तो तिथूनच परत आत गेला.

संचात हळूच एक प्रश्नचिन्ह आलं. काही वेळाने दुसरं. मानोलने बाहीने तोंड पुसलं, कळ जवळ ओढली, आणि रायना कोण होती ते त्या माणसाला सुरुवातीपासून सांगायला घेतलं.