नमुन्याबरहुकूम

"हा फळा सरळ आहे," विष्णुपंत म्हणाले.

"व्हय रावसाहेब," गहिनीनाथ सुतार म्हणाला. त्याला ते कौतुक वाटलं.

"नमुना सरळ नाही."

विष्णुपंत म्हणजे स्कूल बोर्डाचे माल तपासून घेणारे कारकून. त्यांनी गहिनीनाथचा नवा फळा टेबलावर आडवा घातला होता आणि त्याच्यावर नमुन्याचा फळा ठेवला होता. तीन कोपरे एकमेकांवर नीट बसले होते. चौथा कोपरा नमुन्याने वर मुडपून घेतला होता, ऐकायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाच्या कानासारखा. मधल्या फटीतून पलीकडची खिडकी दिसत होती. खिडकीत एक कावळा होता, तोही दिसत होता.

"रावसाहेब, ह्यो नमुना माजाच हाय. चैतात दिला तवा दोरी लावून बघितला हुता तुमी. सरळ हुता."

"तेव्हाचा नमुना आता आमच्याकडे नाही," विष्णुपंत म्हणाले. "हा आहे."

घडलं होतं ते साधंच होतं. चैत्रात नमुना पास झाला, त्याच्या दोन्ही टोकांना लाखेच्या मोहरा लागल्या आणि तो कचेरीच्या कोपऱ्यात ठेवला गेला. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचा माठ आला. माठाखाली घालायला फळी हवी होती, आणि अख्ख्या कचेरीत काहीही काम न करता बसलेली फळी तेवढीच होती. माठ पाझरत राहिला. फळा भिजला, वाळला, पुन्हा भिजला. आता आश्विन लागला होता आणि नमुन्यावर माठाच्या बुडाचा गोल वळ उमटला होता.

"लाख शाबूत आहे ना?" विष्णुपंतांनी मोहरांवरून बोट फिरवलं. "मग नमुना शाबूत आहे."

"पर वाकडा झालाय की वो!"

"मला दिसतंय, मिस्त्री. मला दिसतंय म्हणून लिहिता येत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "मागे एकदा खुर्च्या आल्या होत्या. नमुन्यापेक्षा बऱ्या. मी घेतल्या. तर चौकशी लागली, की ठेकेदाराने जास्त चांगला माल का दिला, तुमचं आणि त्याचं काय होतं? हलका माल घेतला तर दंड होतो, मिस्त्री. चांगला घेतला तर चौकशी होते."

"मग नवा नमुना घ्या. ह्यातलाच येक घ्या."

"नवा घ्यायचा तर जुना खराब झाला असं कळवावं लागेल. कसा झाला? माठामुळे. माठ कोणी ठेवला? भिमाजीने."

दारातला शिपाई भिमाजी दचकून उठला. "मला सायबांनी सांगितलं हुतं. मोठ्या सायबांनी. म्हनले, ठीव त्याच्यावर."

"झालं," विष्णुपंत म्हणाले. "आता मोठ्या साहेबांचं नाव कोण लिहिणार?"

तिघेही माठाकडे बघू लागले. तपासणीपुरता तो जमिनीवर उतरवला होता आणि मान वर करून बसला होता.

"पानी पिता का, मिस्तरी?" भिमाजीने विचारलं.

गहिनीनाथ प्याला. पाणी गार होतं. याहून जास्त काही त्या पाण्याबद्दल बोलता आलं नसतं.

"दिवाळीच्या सुट्टीच्या आत नमुन्याबरहुकूम माल आला पाहिजे," विष्णुपंत म्हणाले. "नाही आला तर तुमचं नाव बोर्डाच्या कामातून कायमचं गेलं. माझ्या हातात नाही हो."

चाळीस फळे आगगाडीच्या मालडब्यातून काष्टीला परत आले. नगरची कचेरी बघून आलेले फळे म्हणून ते गावात जरा भाव खात होते. गहिनीनाथच्या बायकोने, गोजरबाईने मात्र ते बघितले आणि पहिल्यांदा वर बघितलं. वर माळा नव्हता. लढाईचं पाचवं वर्ष होतं, चांगलं लाकूड सगळं लष्कराकडे जात होतं. घरं बांधायचं लोकांनी सोडून दिलं होतं, त्यामुळे सुताराला बोर्डाशिवाय दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. म्हणून गहिनीनाथने आपल्या घराचा माळा काढला होता. त्याच्या बापाने वाळवून ठेवलेल्या सागाच्या फळ्या होत्या त्या. आता चारी बाजूंनी रंधून काळा रंग दिलेल्या.

"मंग लावा पुन्यांदा माळा," गोजरबाई म्हणाली.

"काळा माळा? त्येबी तुकडं तुकडं करून?"

"मी वर खडूनं हिशेब करीन."

"अगं, ते म्हनत्यात वाकडा पायजे."

"मग द्या की वाकडा. सरळच द्यायला गेल्तात व्हय नगरला? माजा भाऊ हाय, त्याच्याकडून करून घ्या. त्याला दुसरं काय येतच न्हाई."

गहिनीनाथने दोन दिवस प्रयत्न केला. रंधा हातात घेतला की हात सरळच चालायचा. मुद्दाम वाकडा फिरवायचा म्हटलं की मनगट अडायचं. एक कोपरा त्याने कसाबसा खरवडला. तो कोपरा वाकडा झाला नाही, नुसता दुःखी झाला. मग त्याने फळे ओल्या पोत्यांवर घालून उन्हात टाकले. बापाने वाळवलेलं लाकूड होतं, हललं नाही. बाप तसाच होता.

शेवटी तोडगा गोजरबाईलाच सुचला. "कचेरीत काय ठिवलं हुतं त्याच्यावर?"

कुंभारवाड्यात जेवढे गळके माठ होते तेवढे अंगणात आले. प्रत्येक फळ्याच्या एकेका कोपऱ्यावर एकेक माठ बसला. गोजरबाई सकाळी ते भरायची आणि पाझरले की पुन्हा भरायची. एवढ्यात शनिवारचा बाजार आला. बैल घेऊन आलेली माणसं तहानलेली होती. त्यांनी अंगणात माठांच्या रांगा बघितल्या आणि ती पाणपोई आहे असं समजून पाणी प्यायला लागली. एका म्हाताऱ्याने जाताना गहिनीनाथच्या पाया पडून विचारलं, "कुनाच्या नावानं घातली, बाबा?"

"शाळांच्या," गहिनीनाथ म्हणाला.

"लई पुन्याचं काम," म्हातारा म्हणाला आणि बैलालाही पाजून गेला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा चाळीसही फळ्यांनी एकेक कान वर केला होता. माळ्याखाली लहानाचा मोठा झालेला गहिनीनाथ त्यांच्याकडे बघत बसला. मग त्याने पुन्हा काळा रंग दिला आणि आगगाडीत चढवले.

विष्णुपंतांनी एकेक फळा नमुन्यावर बसवला. चारी कोपरे जुळत होते. फट नव्हती. कावळा आलेला होता, पण दिसत नव्हता.

"वा," ते म्हणाले आणि त्यांना खरंच बरं वाटलं. "असा माल पाहिजे." मग त्यांनी नमुना उलटा केला, गहिनीनाथचा एक फळा उलटा केला, आणि थांबले.

"मिस्त्री, कणीस कुठे आहे?"

नमुन्याच्या पाठीवर, खालच्या बाजूला, बोटाएवढं जोंधळ्याचं कणीस कोरलेलं होतं. गहिनीनाथचा बाप आपल्या प्रत्येक कामावर ते कोरायचा. देवळाचा दरवाजा असो की पाळणा, कणीस बघितलं की पंचक्रोशीत कळायचं काम कोणाचं आहे. पहिल्या खेपेच्या सरळ फळ्यांवर गहिनीनाथनेही कोरलं होतं. माठ चढवायच्या आधी त्याने ते रंधून काढलं होतं, चाळीसच्या चाळीस.

"ह्या मालावर न्हाई घालायचं ते," तो म्हणाला.

"नमुन्यावर आहे."

"रावसाहेब, कान वाकडा पायजे म्हनला, दिला. कनीस माज्या बापाचं हाय. लोक वळखत्यात."

"ओळखत असतील. पण नमुन्यावर आहे ना?" विष्णुपंतांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर ते कारकून दिसेनात, नुसतेच कोणीतरी दिसू लागले. "मिस्त्री, घाला हो. मला दोन मुली आहेत लग्नाच्या. उद्या कोणी उलटा करून बघितलं तर मी काय सांगू?"

गहिनीनाथने त्यांच्याकडे बघितलं, भिमाजीकडे बघितलं. दोघंही जमिनीकडे बघत होते. तो पटाशी घेऊन कचेरीच्या ओसरीत जाऊन बसला.

दिवसभर तो कणसं कोरत होता. वाकडीतिकडी कोरावीत असं त्याच्या मनात होतं, पण पटाशी लाकडाला लागली की दाणा दाण्याशेजारी नीट बसायचा, पानं आपोआप दोन्हीकडे वळायची. भिमाजी अधूनमधून माठातलं पाणी आणून देत होता. माठ आता नमुन्यावरच परत बसला होता. काम संपलं होतं, नमुन्याची कोणाला गरज नव्हती.

पुढच्या वर्षी श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका खेड्यात शाळेचं दार बिजागरीतून निघालं, म्हणून गहिनीनाथला बोलावणं आलं. दार बसवून झाल्यावर त्याने आत बघितलं. समोर फळा होता. मास्तरांनी लिहिलेली बेरीज सरळ निघून कोपऱ्याकडे गेली होती आणि तिथून पोरांच्या अंगावर येत होती. सगळा वर्ग मान तिरकी करून बसला होता.

"मिस्त्री, तेवढं हे बघता का?" मास्तर म्हणाले. तरुण होते, नवे होते. "कुठल्या अडाण्याने केलाय कोण जाणे. बोर्डाने सगळीकडे असलेच दिलेत म्हणे."

"बगतो," गहिनीनाथ म्हणाला.

त्याने फळा खाली उतरवला आणि मांडीवर पालथा घेतला. आता सरळ होण्यातलं ते लाकूड नव्हतं. त्याने दोन पाचरी तासल्या आणि कोपरा भिंतीकडे कलेल अशा बेताने मागे ठोकल्या. मास्तर वाकून बघत होते.

"अरे वा, हे काय? कणीस?" त्यांनी बोट फिरवलं. "किती सुरेख कोरलंय! हे कोरणारा माणूस वेगळा असणार, नाही?"

गहिनीनाथने खिळे तोंडात धरले होते. ते काढून घ्यायला त्याला जरा वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. "येगळाच असंल."

त्याने फळा उचलला, कणीस भिंतीकडे केलं आणि टांगला. फळा बराचसा सरळ दिसत होता. मास्तरांनी नवी बेरीज घातली, आणि पोरं मान तिरकी करून वाचू लागली.