थांबले आहे, मेले नाही

मी बोलतेय, मालवाहू नौका. समुद्रातली नव्हे, ताऱ्यांमधली, तीसुद्धा संगणकावरच्या खेळातली. मला कुणी हात लावू शकत नाही, पण मला जीव लावणारी माणसं खरी आहेत. पाल्हाळ लावायला वेळ नाही. कवचावर आणखी वीस गोळे बसले की मी संपले.

माझा जन्म घानातल्या कुमासी शहरातला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली शिवणयंत्रं धडधडत, वर खेळ घडे. दुफिए नावाच्या मुलीने मला रेखलं. तिच्या आजीचा जुना लाकडी ट्रक होता, सुरणाची पोती आणि बाजाराच्या बायका एकाच पोटात घेऊन जाणारा, पाठीवर एक ओळ रंगवलेला. दुफिएने मलाही तसंच केलं. रुंद पोट, जड चाल, जाड कवच. पाठ तेवढी कोरी ठेवली. जो घेईल त्याने आपली ओळ लिहावी.

मला घेतलं मामे बिरागोने. केजेतियाच्या बाजारात तीस वर्षं कापड विकलेली बाई. खुबा मोडला, घरात बसली, वेळ जाईना म्हणून खेळात शिरली आणि तिथंही दुकानच मांडलं. माझ्या पाठीवर तिने लिहिलं, ‘थांबले आहे, मेले नाही’. ते तिने स्वतःबद्दल लिहिलं की माझ्याबद्दल, मी कधी विचारलं नाही.

तिचं तोंड मात्र चालू. वाटेत दुसरी नौका आडवी आली की म्हणायची, “सरक की बाबा. नवरदेव आहेस का तू, मिरवत निघालायस?”

दुफिएच्या यंत्रातही मी कायम उघडी असे, म्हणून कचेरीतलं सगळं माझ्या कानावर पडे. तिथे बोआडी नावाचा माणूस तराजूचं काम करी, म्हणजे खेळातल्या नौकांचं बळ तोलून सारखं ठेवी. कुणाला लढायचं असतं, कुणाला भटकायचं, कुणाला व्यापार करायचा. प्रत्येकाच्या नौकेला जिंकायची एक वाट हवी आणि मरायचीही. लढणारा ससाणा वेगवान, पण कवच पातळ. भटकी पाकोळी लपण्यात हुशार, पण दात नाहीत. मी चिवट, पण मंद. बोआडी दिवसभर इकडचं चिमूटभर काढून तिकडे घाली. वाईट माणूस नव्हता.

मग ससाणेवाल्यांच्या तक्रारी आल्या, की ही म्हैस मरतच नाही. बोआडीने तक्ता काढला. माल-नौका भर वाटेत अर्धा अर्धा तास उभ्या, कप्तान बोट हलवत नाही, तरी शाबूत.

“झोपा काढतात हे लोक,” तो दुफिएला म्हणाला. “निम्मं कवच उतरव.”

“झोपत नाहीत. दुमसोर होतो.” दुमसोर म्हणजे विजेचं जाणं-येणं. कुमासीत हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“तक्त्यात दुमसोरचा रकाना कुठाय, दाखव.”

“तुझ्या तक्त्याला जनरेटर आहे, बोआडीभाऊ,” दुफिए म्हणाली.

खरं ते एवढंच होतं. ज्यांची वीज जाई, त्यांची नौका खेळात तशीच उभी राही; त्यांचे ससाणे फुटत, पाकोळ्या फुटत. फुटून फुटून ते सगळे माझ्या आसऱ्याला आले होते. ती त्यांची खेळायची तऱ्हा नव्हती, नाइलाज होता. बोआडीने नाइलाजाला तऱ्हा समजून तोललं. सोमवारी माझं निम्मं कवच गेलं. गुरुवारपर्यंत माझ्याच साच्यातल्या इतक्या बहिणी फुटल्या की वाटा ओस पडल्या.

शुक्रवारी मामे बिरागो कुबडी टेकत जिना चढून कचेरीत आली.

“कवच कापणारा कोण?”

“मी, आई,” बोआडी म्हणाला.

“तू होय. तोंडावरून तर चांगल्या घरचा वाटतोस.”

दुफिएला चहाचा ठसका लागला. बोआडी समजावू लागला, की सगळ्यांना सारखा न्याय द्यावा लागतो.

“दे ना. उद्या दुपारी माझ्या घरी ये, माझ्या खुर्चीत बस, माझी नौका अकरा थांबे पार कर. पोचवलीस तर मी गप्प. नाही पोचवलीस तर सगळ्यांचं कवच परत.”

“चालेल,” तो हसून म्हणाला.

“आणि मामे, नौका फुटली तर?” दुफिएने विचारलं. फुटलेली नौका कुणालाच परत मिळत नाही. नियम बोआडीचाच.

बाईने कुबडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “फुटली तर फुटली.” आवाज जरासा हलला. तेवढं मला पुरलं.

आज दुपारी तो तिच्या खुर्चीत बसला. त्याचा हात चांगला, खोटं कशाला बोलू. सात थांबे झाले. मागून ती सांगतेय, “हळू, लेकरा, तिच्या पोटात माल आहे.” आठवा झाला. नववा दिसू लागला आणि तीन ससाणे आडवे आले.

“घाबरू नका आई, ही कळ दाबली की आपण—”

पुढे काही नाही. आवाज नाही, हात नाही.

तिकडे गल्लीभर एकच हाय उठली असेल. पंखा गरगरत थांबला असेल. काळ्या काचेसमोर बसून तो कळा दाबत असेल, दाबतच असेल. जुनं कवच असतं तर मी अर्धा तास उभी राहिले असते, वीज येईपर्यंत. आता नऊ गोळे उरले. नव्हे, आठ.

पैज तिने जिंकली. बोआडी शब्दाचा पक्का असेल तर बहिणींना कवच मिळेल. माझ्यापर्यंत ते पोचणार नाही.

उभं राहिलेलं कुणी दिसलं, तर झोपलंय म्हणून ठोकू नका हो. आधी विचारा, दिवे आहेत का घरात.

पाच. ससाणे आता मागून येताहेत. माझी पाठ त्यांच्या समोर आहे, अक्षरं मोठी आहेत. वाचा, पोरांनो. थांबा आणि वाचा.