हातवाऱ्यांचा जबाब

बुडापेस्टच्या युवक महोत्सवातून परतून दोन महिने झाले होते. साल एकोणपन्नास. एके सकाळी फ्रुंझे शहरातल्या आमच्या वाद्यवृंदाच्या कचेरीत मला एकटीला बोलावणं आलं. टेबलापलीकडे बसलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

"सोनुन, बुडापेस्टमध्ये तुझ्या खोलीत कोण होतं?"

"बुर्माकान एजे."

बुर्माकान आमच्यातली सर्वांत चांगली कोमुझ वाजवणारी. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणायचे.

"ती एका स्कॉटिश पोरीशी बोलत होती. काय बोलली?"

"भाषाच येत नव्हती, साहेब. नुसते हातवारे."

"मग हातवारे लिही."

मी लिहिलं: त्या मुलीनं कोमुझ बघायला मागितलं, एजेनं दिलं. मुलीनं तीन तारा छेडल्या, हसली, आणि जाताना स्वतःच्या कोटावरचा बिल्ला काढून एजेला दिला. सही करताना मनात पाल चुकचुकली. त्या वेळी खोलीत आम्ही तिघीच होतो. मग ह्यांना ती मुलगी ठाऊक कशी?

दुसऱ्या दिवशी एजेलाही बोलावलं. ती परतली ती माझ्याकडे न बघताच. दुपारी रोज आम्ही एका किटलीतला चहा प्यायचो. त्या दिवसापासून ती आपला पेला घेऊन खिडकीशी जाऊन बसू लागली. मीही मनात धरून बसले: त्या मुलीचं हिनंच आधी कुणाला तरी सांगून माझं नाव पुढे केलं असणार. तीन आठवडे रंगमंचावर आम्ही खांद्याला खांदा लावून वाजवलं, पण एक शब्द बोललो नाही.

मग यादी लागली. एजेची बदली आत-बाशी गावाच्या क्लबात, डोंगरापलीकडे.

मी ट्रकच्या अड्ड्यावर गेले. ती गाठोड्यावर बसली होती.

"पोचवायला आलीस, की बघायला?" ती म्हणाली.

"पोचवायला."

"काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

मी सगळं सांगितलं. बिल्ल्याचंही. ती कोरडं हसली.

"मी तुझ्याबद्दल दोन पानं लिहिली. ही पोरगी काही बोलली नाही, काही बघितलं नाही, सारखी झोपत होती. एवढंच दोन पानांत. हात दुखला माझा."

"एजे, मग त्या मुलीबद्दल त्यांना सांगितलं कुणी?"

"आपण चौदा जण गेलो होतो, सोनुन." ड्रायव्हरनं हाक मारली. चढता चढता ती वळली. "मला पत्र घालू नकोस. आणि कुणाला विचारतही बसू नकोस."

संध्याकाळच्या तालमीला मी उशिरा पोचले. तोलोगोन बाइके दारातच भेटले. आमच्यातले सर्वांत वयस्क, सगळ्यांचे लाडके दादा, म्हणून बाइके; बुडापेस्टलाही बरोबर होते. त्यांनी खिशातून कुरुतचा, वाळवलेल्या खारट दह्याचा, गोळा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घे पोरी, दमलेली दिसतेस. बुर्माकान गेली का? काही बोलली?"

त्यांचा चेहरा नेहमीसारखाच मायाळू होता. मी त्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"मला काय माहीत, बाइके," मी म्हणाले. "मी तर घरी झोपले होते."