चार तासांची खुर्ची

पडद्यावरच्या सिस्टरचं बोलणं थांबलं तेव्हा भाऊ नव्या खुर्चीखाली उताणे पडून नट आवळत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

दुभाषी बाईनं पाण्याचा घोट घेतला. ऐकलेलं वाक्य गिळून त्या जागी दुसरं, मऊ वाक्य जुळवायला तिला एरवी एवढाच वेळ पुरे. आज घोट घशाखाली गेला तरी दुसरं वाक्य काही सुचेना.

सिस्टर दूरच्या देशातल्या एका लहानशा रुग्णालयात मुख्य परिचारिका होत्या. मूत्रपिंडं निकामी झालेले त्यांचे रुग्ण आठवड्यातून तीनदा येत आणि हाताला सुया लावून, रक्त शुद्ध होईपर्यंत चार तास एका जागी बसत. त्यांच्यासाठी भाऊंनी खुर्ची घडवायची होती. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं अवाक्षर कळत नसे. म्हणून गेले आठ महिने, दर मंगळवारी दुपारी, ही दुभाषी भाऊंच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत पडद्यासमोर येऊन बसे. तीन नमुने जहाजानं जाऊन आले होते, तिन्ही नापसंत. हा चौथा.

गोड करून सांगणं हा तिचा निव्वळ धंदा नव्हता, स्वभावच होता. घरी तिचा नवरा आणि दीर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच टेबलाशी जेवत आणि निरोप हिच्याकडे देत. "त्याला म्हणावं, दार आपटत जाऊ नकोस" याचं ती "तुमची झोप नीट होते ना, विचारत होते" असं करून पोचवी. त्यामुळे भांडण वाढलं नव्हतं, हे खरं. मिटलंही नव्हतं.

आज सिस्टर चिडल्याही नव्हत्या. थकलेल्या आवाजात त्या म्हणाल्या होत्या, की आता पुरे, आम्ही कुठल्या तरी तयार खुर्च्या घेऊ. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. पण मी दर वेळी एकच गोष्ट सांगते आणि ते दर वेळी फक्त खुर्चीचे हात बदलून पाठवतात. असं का होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

का होतं, ते खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. तिनं वहीची पानं मागे उलटली.

"भाऊ, जरा बाहेर या," ती म्हणाली. "मला काही वाचून दाखवायचंय."

भाऊ फडक्याला हात पुसत स्टुलावर टेकले. तिनं मान वर न करता वाचलं. पहिल्या नमुन्याच्या वेळी सिस्टर म्हणाल्या होत्या, ही खुर्ची करणारा माणूस कधी आजाऱ्याजवळ बसलेला दिसत नाही. दुसऱ्या वेळी, आमचे लोक दुसऱ्या तासाला रडकुंडीला येतात आणि तुम्ही मला कापडाचा रंग विचारता. तिसऱ्या वेळचं यापेक्षा कडू होतं. आणि या तिन्हींचं तिनं भाऊंना सांगितलं होतं ते एवढंच, की छान आहे, हात जरा रुंद करता आले तर बघा.

भाऊंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं.

"हे तुम्ही मला आठ महिन्यांनी सांगताय, ताई?"

"तुम्ही दुखावाल असं वाटलं."

"मग दुखावलो असतो की. दुखावून पुन्हा कामाला लागलो असतो."

ती पडद्याकडे वळली आणि हेच सगळं सिस्टरना त्यांच्या भाषेत सांगितलं. वर हेही सांगितलं, की "या बाईंना खुर्ची आणि पलंग यांतला फरक कळत नाही" असं भाऊ एकदा म्हणाले होते आणि तिनं त्याचं "आपल्या सूचना मोलाच्या आहेत" केलं होतं. सिस्टर हसल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदा. हसू ओसरल्यावर त्या काही बोलल्या.

या वेळी तिनं पाणी घेतलं नाही.

"त्या म्हणतायत, स्वतः चार तास बसून बघा. डावा हात हलवायचा नाही."

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. "बसतो," ते म्हणाले.

सिस्टरनी दाखवलं तसं तिनं भाऊंचं डावं मनगट चिकटपट्टीनं खुर्चीच्या हाताला बांधलं. पलीकडे सिस्टरनी कॅमेरा तसाच चालू ठेवला आणि त्या कामाला लागल्या. अधूनमधून येऊन बघून जात. पहिला तास भाऊंनी फोनवर खालच्या लोकांना कामं सांगण्यात काढला. दुसऱ्या तासाला ते सारखी चुळबुळ करू लागले. पाणी हवं झालं. पेल्यासाठीची खाच त्यांनी मोठ्या हौसेनं डाव्या हाताला केली होती. बांधलेल्या हाताजवळच्या त्या पेल्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. शेवटी तिनंच तो उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला. तिसऱ्या तासाला कुणी बोलेना. भाषांतर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोण जाणे किती दिवसांचा शीण होता, तिनं भिंतीला डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.

जाग आली ती आवाजानं.

"इथं?" भाऊ विचारत होते.

"इथं," सिस्टर म्हणाल्या. शब्द त्यांनी आत्ताच उचलला असावा. त्यांच्या तोंडून तो वाकडातिकडा होऊन येत होता.

भाऊंनी मांडीवर पुठ्ठा घेऊन उजव्या हातानं पायाचं चित्र काढलं होतं आणि गुडघ्याखाली एक उशी रेखली होती. सिस्टर जोरजोरात मान हलवत काही सांगत होत्या. गुडघ्याखाली नको, पोटरीखाली हवी, असं त्या म्हणत होत्या, आणि भाऊंना ते मुळीच उमगत नव्हतं. ते उशी जाड करत सुटले होते.

तिनं सांगायला तोंड उघडलं, पण तशीच थांबली. सिस्टरनी बाजूची खुर्ची ओढली, सरळ आपलाच पाय उचलून कॅमेऱ्यापुढे धरला आणि पोटरीवर चापट मारली.

"अस्सं होय," भाऊ म्हणाले, आणि चित्र खोडू लागले.

मग त्यांनी हळूच मान वळवून, ती जागी झाली की काय ते पाहिलं. तिनं पटकन डोळे मिटून घेतले.