देवाच्या आधीचा वाटा

पासली गावात भाताची लावणी कुणी एकट्यानं करत नाही. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. यंदा मात्र सरूबाईच्या खाचराकडं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. रोपं जून व्हायला आलेली. आणखी थोडं थांबलं की वर्षाचा भात बुडालाच.

"त्या बाळाबाईनंच बायांचं कान भरलं," सरूबाई नवऱ्यावर करवादली. "आमी येशूचं, म्हणून!"

"येशूचं तर आपण लगीन झाल्यापास्नं हाय," जगन म्हणाला. "मंग याच साली काय झालं?"

काय झालं ते सरूबाईला पक्कं ठाऊक होतं. शेजारची बाळाबाई दर बेंदराला पुरणपोळ्या आणून द्यायची. नैवेद्याचं आपल्याला चालत नाही, म्हणून ही त्या गुपचूप म्हशीला घालायची. यंदा नेमकी बाळाबाई ताट न्यायला परत आली आणि तिनं बघितलं.

रविवारी वेल्ह्याला प्रार्थनेत सरूबाईनं मागणं मागितलं, "प्रभो, त्या बाईचं डोकं ठिकाणावर आण." तेवढ्यात पाळक म्हणाले, "प्रभू आपल्या जागी उभा राहिला. तुम्ही कधी कुणाच्या जागी उभे राहिलात?" घ्या! सरूबाईनं डोळे मिटले, तर नाताळाला ती बाळाबाईला द्यायची त्या करंज्या बाळाबाईच्या गोठ्यात, शेणात पडलेल्या दिसल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक बाळाबाईच्या दारात गेली. "चुकलं माझं, बाई. दरसाल म्हशीलाच घातल्या. नैवेद्याचं आमी खात न्हाई, पर ते तुला तोंडानं सांगायला हवं हुतं."

"नैवेद्याचं?" बाळाबाई कडाडली. "अगं भवाने, तुमचं मला ठावं न्हाई व्हय? सासूच्या शिव्या खाऊन तुझ्या पोळ्या नैवेद्याआधी काढून ठेवती म्या. देवाच्या आधी तुला वाढलं, आन तू म्हशीला घातलंस!"

सरूबाई उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. बाळाबाईनंच शेवटी तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खाचरात बायाच बाया. सरूबाईच्या छातीवरची धोंड उतरली. दुपारी बाळाबाईनं फडकं सोडून पुरणपोळी तिच्या हातावर ठेवली. "हितंच खा. माझ्या डोळ्यांदेखत."

सरूबाईनं घास घेतला. इतक्या वर्षांत पहिलाच.

"लई ग्वाड झालीया गं!"

"म्हशीला इचार की," बाळाबाई म्हणाली. "तिला कवाचं ठावं हाय."