शून्य एकर आणि यूटीएफ-८

अमडापूरच्या वधू-वर मेळाव्याचं सॉफ्टवेअर दीपकनं फुकट करून दिलं. फुकट म्हणजे, त्यात त्याचीही स्थळाची चिठ्ठी होती. वय चौतीस, जमीन शून्य एकर; पण हुद्दा संगणक अभियंता. बीबी गावच्या पूनमच्या वडिलांनी ती एक ओळ वाचावी, एवढ्यासाठी सारा खटाटोप.

अध्यक्ष उत्तमरावांचा नियम कडक: छापील चिठ्ठीवर जे असेल तेच खरं, तोंडी माहिती बाद. गेल्या साली तोंडी माहितीत तीन तहसीलदार निघाले होते. तिघंही अजून परीक्षाच देऊन राह्यले.

आपला जावा कोड चिखलीच्या मेळाव्याचा कोणी पळवेल, ही दीपकला धास्ती. कोणी मागितला नव्हता, ही बाब वेगळी. म्हणून आदल्या दिवशी त्यानं तो कोड, नावं-हुद्द्यांच्या फायलीसकट, कोणालाच वाचता येऊ नये असा गिचमिड करणाऱ्या टूलमधून काढला. वर मूळ प्रत पुसून टाकली.

सकाळी तयार रकान्यांच्या कागदांवर चिठ्ठ्या निघाल्या. नाव: ?????. शिक्षण: ?????. हुद्दा: ?????. इंग्रजी आकडे तेवढे शाबूत. चिठ्ठीचा नंबर, वय, उंची, एकर.

"अबे दीपक, हे काय छापलं?" उत्तमराव ओरडले.

पण मंडपात तक्रार एकही नाही. पालकांनी एकराचा रकाना पाहिला आणि नंबरानं हाका सुरू केल्या. बाकीचे रकाने इतकी वर्षं उगाच छापले, असं उत्तमरावांनाही वाटलं.

पूनम शाळेत संगणक शिकवते. ती थेट टेबलाशी आली.

"टूलले मराठी अक्षरांसाठी यूटीएफ-८ सांगतलं नव्हतं काय? त्यानं या मशीनचं जुनं एन्कोडिंग धरलं. त्यात मराठी बसत नाही."

"कोडले कुलूप लावाच्या आधी बराबर चालत होतं."

"अन् लावल्यावर पाह्यलं?"

दीपकनं टेबलावरच्या चिठ्ठ्या उगाच सरळ केल्या.

"बाबा पंगतीत बसले हायेत. मूळ कोड काढा, ते उठेपर्यंत नीट होते."

"पुसला. चोरी होईन म्हणून."

"तुमचा?" पूनमनं विचारलं.

दीपकनं तो गिचमिड कोड उघडला. सगळी नावं ए, बी, सी. आपणच लिहिलेलं त्याला ओळखू येईना. टूलनं मराठीची वाट लावली होती, पण चोराचा बंदोबस्त चोख केला होता.

पंगत उठली. पूनमचे वडील ढेकर देत आले, दीपकची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "शून्य एकर. अन् धंदा?"

"बाबा, ते इंजिनिअर–"

"तोंडी नाही," उत्तमराव म्हणाले.

"चाल पोरी. बारा नंबरले अकरा एकर हाये."

पूनम गेली. दीपक स्क्रीनला डोळे लावून अजून स्वतःचाच कोड फोडून राह्यला होता.