जळक्या जंगलातली गाडी

सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्यातून पाय सावरला, जीभ तर पूर्वीपेक्षा तिखट झाली. डावा हात मात्र मांडीवर पडून असायचा, पाहुण्याने विसरलेल्या रुमालासारखा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुनेला बाजूला घेतलं. "बोटं हलू शकतात, हेच हलवत नाहीत. आता लावून धरलं नाही तर हात कायमचा जाईल. त्यांना आवडेल असं काहीतरी काढा."

आवडेल असं एकच होतं. सुनेचा नवरा लहान असताना बापलेक घरच्या संगणकावर मोटार पळवायचा गेम खेळायचे. उजव्या हाताने वळायचं, डाव्याने वेग आणि ब्रेक. डाव्याला सुट्टी नाही.

सून छापखान्यात रंग जुळवायची. मुखपृष्ठावरची नटी जरा पिवळी पडली तरी तिला घास गोड लागत नसे. तिने तो गेम हुडकला आणि लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशीन बसवलं, म्हणजे स्वतःला जुना समजणारा एक खोटाखोटा संगणक. गेम सुरू केला, तर पडदा काळा ठिक्कर. चित्रासाठीची मेमरी वाढवली, तर गाडीचा टप एकीकडे, चाकं दुसरीकडे आणि मधून पट्ट्या.

"माझ्यासाठी कधी एवढी खटपट केली नाहीस," नवरा कामावर निघता निघता म्हणाला.

"तू बिघडल्यावर लगेच कळतोस. हे कळत नाही."

शेवटी थ्रीडीची मदत बंद केली, रंग दोनशे छप्पनवर आणले आणि चित्र लख्ख उघडलं. हिरवंगार रान, राखाडी रस्ता, पिवळीधमक गाडी. सुनेने सासऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

"छान आहे हो. तुला उगाच त्रास," सासरे म्हणाले.

ते गोड बोलले की समजायचं, माल पसंत नाही. हात मांडीवरून हलला नाही.

"बाबा, हाच ना तो?"

"असेल."

ती रागावलीही नाही, नुसती खचली. संध्याकाळी नवरा आला, तेव्हा गेम तसाच चालू होता.

"हा कुठला लावलास? आमची गाडी लाल होती."

"पिवळीच आहे. मी तपासलंय."

"लाल! आणि झाडं काळी. जंगल जळालं होतं ना."

"कोण म्हणालं?"

त्याने बापाकडे बोट दाखवलं.

"मग काय सांगणार?" सासरे उसळले. "झाडं काळी का, म्हणून रडायला लागला होतास. म्हटलं, वणवा लागलाय, आपण पाणी घेऊन निघालोय."

"आणि रस्ता?" सुनेने हळूच विचारलं.

"जांभळा," बापलेक एकदम म्हणाले.

झाडं काळी, रस्ता जांभळा, पिवळ्याचा लाल. सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अहो, तुमच्या मॉनिटरच्या वायरीची पिन वाकलेली असणार! इतकी वर्षं या घरात हिरवा रंग पोचतच नव्हता."

"काही वाकलेलं नव्हतं," सासरे म्हणाले. "गेमच तसा आहे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. केसभर हिरव्यासाठी मशीनवाल्यांशी भांडणाऱ्या सुनेने लॅपटॉपच्या रंगांच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने हिरवा शून्यावर ओढला.

"छापखान्यात बोललास तर बघ," तिने नवऱ्याला दम भरला.

रान काळं पडलं. सासरे खुर्चीत पुढे सरकले. "अरे, आग पसरतेय की!"

उजव्या हाताने बाण दाबला. गाडी जागची हलेना. वेगाचं बटण डावीकडे. सुनेचं बोट आपसूक पुढे झालं, तिने ते मुठीत आवळलं. सासऱ्यांनी घटकाभर वाट पाहिली, कोणी मदतीला येत नाही हे बघून उजव्या हाताने डावा उचलला आणि बटणांवर आणून ठेवला. मधलं बोट थरथरलं. दबलं. गाडी सुटली ती थेट झाडावर.

"ब्रेक मारा ना बाबा!"

"मारतोय! बोट ऐकत नाही."

"मग ओरडा त्याच्यावर," सून म्हणाली. "आमच्यावर ओरडता तसं."

ते ओरडलेही. आणखी दोन झाडं गेली, एक खांब गेला. मग एका वळणावर बोट वेळेवर उचललं गेलं, आणि गाडी रस्त्यावरच राहिली. सासऱ्यांनी नजर न काढता मुलाला कोपराने ढोसलं. डाव्या कोपराने.

"सरक तिकडे. अडचण करून बसलाय, आणि इथे पाणी सांडतंय सगळं."